मायराचे बिशप निकोलस: माणूस एक, गोष्टींचे थर अनेक

सांताक्लॉज हे नाव डच 'सिंटरक्लास'वरून आलं, 'सिंटरक्लास' म्हणजे संत निकोलस, आणि हे निकोलस चौथ्या शतकातले एक बिशप होते, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढे गाडी अडते. या बिशपांबद्दल वाचायला बसलं की आईवडिलांची नावं, तान्हेपणीचे उपास, धर्मपरिषदेत मारलेली थोबाडीत, समुद्रात शमवलेलं वादळ हे सगळं एकाच सुरात आणि एकाच खात्रीने सांगितलेलं सापडतं. त्यातलं सहाव्या शतकातलं काय, नवव्यातलं काय आणि थेट चौदाव्यातलं काय, हे कोणी निवडून ठेवत नाही. इथे ते निवडायचं आहे.

पद्धत साधी आहे. गोष्ट हाती आली की आधी बघायचं, ती सगळ्यात जुन्या कोणत्या लिखाणात सापडते. ते लिखाण मृत्यूनंतर किती वर्षांनी झालं? तीच गोष्ट आधीपासून दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे का? आणि सांगणाऱ्याला ती सांगून काय साधायचं होतं? एवढे प्रश्न विचारले की आख्यायिकेचीही कुंडली मांडता येते. त्यातून ती खोटीच ठरते असं नाही, तिचा पत्ता कळतो.

खात्रीने सांगता येतं ते मूठभर

निकोलस मायरा शहराचे बिशप होते. मायरा म्हणजे आजचं देमरे, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतात. तेव्हा हा लिसिया नावाचा रोमन मुलूख होता आणि इथले लोक ग्रीक बोलत. त्यामुळे 'निकोलस तुर्की होते' हे विधान चुकीचं आहे. तुर्कांचं राज्य या भूमीत आलं ते अकराव्या शतकात, म्हणजे सातशे वर्षांनंतर. परंपरा त्यांचा जन्म पश्चिमेकडच्या पातारा बंदरात २७० च्या सुमारास झाला असं मानते आणि मृत्यू ३४३ च्या सुमारास. ही वर्षं अंदाजाची आहेत, पण ६ डिसेंबर हा दिवस परंपरेने घट्ट धरून ठेवला आहे. संतांच्या बाबतीत हे असंच होतं. पुण्यतिथीला समाधीवर माणसं जमतात, आणि जमणारी माणसं साल विसरली तरी दिवस विसरत नाहीत.

त्यांनी लिहिलेली एक ओळही आज नाही. त्याच काळात चर्चचा इतिहास लिहिणारे युसेबियस त्यांचं नाव घेत नाहीत, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियसही घेत नाहीत. मग असा माणूस होऊन गेला हे कशावरून? सहाव्या शतकातल्या खुणांवरून. सम्राट जस्टिनियनने राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) संत प्रिस्कस आणि संत निकोलस यांच्या नावाने देऊळ बांधलं, अशी नोंद त्याच्याच काळातल्या प्रोकोपियस या इतिहासकाराने केली आहे. खुद्द मायरात त्या शतकात त्यांचं स्मारक होतं आणि तिथे उत्सव भरत होता. मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांत राजधानीत नाव पोचलं आणि सगळ्या आठवणी एकाच गावाकडे बोट दाखवतात. त्यामुळे माणूस खरा होता, हे मानायला अडचण नाही.

चरित्राचं म्हणाल तर मराठी वाचकाला एक माप हाताशी आहे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची आणि महिपतींचा 'भक्तविजय' १७६२ चा, मध्ये ४६६ वर्षं. निकोलस यांचा मृत्यू आणि त्यांचं पहिलं सलग चरित्र यांत अंतर साधारण तेवढंच आहे. मायकेल नावाच्या मठाधिपतीने ते नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीकमध्ये लिहिलं. ज्ञानेश्वरांचे स्वतःचे ग्रंथ मात्र आपल्यापाशी आहेत. चमत्कार बाजूला ठेवले तरी ज्ञानेश्वर उरतात. निकोलस यांच्याकडे पोचायला गोष्टींखेरीज वाट नाही, म्हणून त्या नीट तपासाव्या लागतात.

त्या काळी बिशप म्हणजे कोण

आज धर्मप्रांत म्हटलं की शेकडो गावं डोळ्यांसमोर येतात. चौथ्या शतकात साधारण एका शहरामागे एक बिशप असे. उपासना, दानधर्म, विधवा आणि अनाथ यांची सोय, देवळाचा पैसा, हे सगळं त्याच्या हाती. ३०३ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, देवळं पाडली, ग्रंथ जाळले, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं. ३११ आणि ३१३ च्या आदेशांनी तो छळ थांबला. निकोलस यांनीही तुरुंगवास भोगला असं नंतरची चरित्रं सांगतात. काळाचा विचार केला तर ते जुळतं, पण सर्वांत जुन्या कथेत त्याचा उल्लेख नाही.

कॉन्स्टंटाइन बादशहा गादीवर आल्यावर चित्र पालटलं. ३१८ च्या सुमाराला त्याने दिवाणी तंटा बिशपपुढे नेण्याची मुभा दिली. शिवाय शिक्षा झालेल्या माणसासाठी अधिकाऱ्याकडे रदबदली करणं हे बिशपचं काम समजलं जाऊ लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवायचा, कारण पुढची कथा त्यावरच उभी आहे.

निकोलस यांच्या निवडीचीही एक आख्यायिका आहे. मायराचे बिशप वारले, शेजारच्या शहरांचे बिशप जमले, एकमत होईना. रात्री त्यांच्यातल्या एकाला आवाज ऐकू आला: पहाटे देवळाच्या दारातून जो पहिला आत येईल आणि ज्याचं नाव निकोलस असेल, तोच बिशप. पहाटे तरुण निकोलस आले. दैवी आवाज श्रद्धेचा भाग झाला, पण शेजारच्या बिशपांनी जमणं ही खरी रीत होती. ३२५ मध्ये निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या चौथ्या नियमाप्रमाणे किमान तीन बिशपांनी प्रत्यक्ष जमून नेमणूक करायची आणि बाकीच्यांनी लेखी संमती द्यायची, असं ठरलं होतं.

सर्वांत जुना थर: तलवार आणि तीन निरपराध

निकोलस यांच्याबद्दल हाती असलेलं सर्वांत जुनं लिखाण म्हणजे एकच छोटी कथा. तिला 'सेनापतींची कथा' म्हणतात. ती बहुधा पाचव्या किंवा सहाव्या शतकात लिहिली गेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या युस्ट्रेशियस या धर्मगुरूने तिचा आधार दिला आहे, म्हणजे तोवर ती प्रचारात होती.

कथा अशी. फ्रिजियात तैफाली टोळ्यांचं बंड मोडायला कॉन्स्टंटाइनने नेपोतियानस, उर्सस आणि युपोलियन असे तीन सेनापती धाडले. हवा बिघडल्याने त्यांची जहाजं मायराच्या अँड्रिआके बंदरात थांबली. सैनिक बाजारात उतरले, लूट आणि हाणामारी झाली. बिशप स्वतः बंदरावर आले आणि त्यांनी सेनापतींना आवर घालायला लावलं. तेवढ्यात शहरातून माणसं धावत आली: प्रांताधिकारी युस्टॅथियसने लाच खाऊन तीन निरपराध नागरिकांना मृत्युदंड दिला आहे, आत्ता त्यांना वधस्थळी नेतायत.

इथे कथेचा वेग बघण्यासारखा आहे. निकोलस सेनापतींना बरोबर घेऊन निघतात. वाटेत एका ठिकाणी विचारतात, कळतं की कैदी पुढे गेले. पुढच्या ठिकाणी विचारतात, आणखी पुढे. प्रत्येक जागेचं नाव कथेत दिलं आहे, आणि ती नावं गावाबाहेरच्या माणसाला सुचणारी नाहीत. शेवटी वधस्थळ येतं: तिघांचे हात मागे बांधलेले, तोंडावर कापड, माना पुढे, मारेकऱ्याने तलवार उपसलेली. बिशप ती तलवार ओढून घेऊन जमिनीवर फेकतात आणि दोर सोडतात. मग थेट अधिकाऱ्याच्या वाड्यावर. अधिकारी दोष गावातल्या दोन प्रतिष्ठितांवर ढकलू पाहतो, तर बिशप म्हणतात, हे त्या दोघांनी नाही, सोन्याने आणि रुप्याने केलं.

कथेचा उत्तरार्ध राजधानीत घडतो. त्याच तीन सेनापतींवर राजद्रोहाचा खोटा आरोप येतो, अब्लाबियस हा बडा अधिकारी पैसे खातो, दुसऱ्या दिवशी मृत्यू ठरलेला. तुरुंगात त्यांना मायरातला प्रसंग आठवतो आणि ते निकोलस यांच्या देवाचा धावा करतात. रात्री निकोलस बादशहाच्या आणि अब्लाबियसच्या स्वप्नात येऊन दटावतात. सकाळी सुटका.

आता तपासणी. अब्लाबियस हा खरा माणूस. ३२९ ते ३३७ तो पूर्वेकडचा मुख्य अधिकारी होता. नेपोतियानस ३३६ चा आणि उर्सस ३३८ चा रोमन कॉन्सल, म्हणजे दर वर्षी नेमला जाणारा मोठा मानकरी. म्हणजे कथा ज्या काळात घडते त्याच काळातली ही नावं. पण पुरावा दुधारी आहे: नावं खऱ्या आठवणीतून आली असतील, किंवा लेखकाने कॉन्सलांची यादी समोर ठेवून उचलली असतील. जागांची नावं मात्र यादीतून उचलता येत नाहीत, ती लिहिणाऱ्याला मायराच्या गल्ल्या माहीत होत्या. पूर्वार्धात चमत्कार एकही नाही. आहे ती रदबदली, जी त्या काळच्या बिशपचं कामच होतं. आमच्या मते निकोलस यांच्या आयुष्यातला प्रत्यक्ष घडलेला एखादा प्रसंग कुठे जपला गेला असेल तर तो इथे, या पूर्वार्धात.

एका नावाचे दोन निकोलस

पुढच्या गोंधळाचं मोठं कारण एकच आहे. सहाव्या शतकात मायराजवळच्या डोंगरात 'पवित्र सायन' नावाचा मठ होता. तिथल्या मठाधिपतींचं नावही निकोलस. ते पुढे पिनारा या शहराचे बिशप झाले आणि १० डिसेंबर ५६४ ला वारले. त्यांचं चरित्र त्यांच्याच जवळच्या कोणी तरी लिहिलं, त्यामुळे त्यात गावं, माणसं, बैलांच्या जोड्या, जेवणावळी असा बारीक तपशील भरपूर आहे. एकाकडे तपशील भरपूर पण कीर्ती थोडी, दुसऱ्याकडे कीर्ती अफाट पण तपशील नाही. गाव शेजारचं, नाव एक, पदवी एक, महिनाही एक. दहाव्या शतकात सिमियन मेटाफ्रास्टेस याने संतचरित्रं नव्याने लिहिली, तोवर दोघांची गोष्ट एकमेकांत मिसळून गेली होती.

ओळखायची खूण सोपी आहे. निकोलस यांच्या वडिलांचं नाव एपिफेनियस, आईचं नोना, असं कुठे वाचलं तर ती सायनच्या निकोलस यांची माणसं. जन्मताच बाळ दोन तास पायांवर उभं राहिलं, हाही त्यांच्याच चरित्रातला प्रसंग. भूताने झपाटलेलं सुरूचं झाड तोडल्याची कथाही त्यांचीच. ही गुंतागुंत पुरती सुटली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जर्मन अभ्यासक गुस्टाव्ह आनरिष यांनी १९१३ ते १९१७ या काळात सगळे ग्रीक पाठ एकत्र छापले आणि कोणतं कोणाचं ते दाखवून दिलं. शंभर वर्षं होऊन गेली तरी चुकीचे आईवडील अजून फिरतायत.

तान्हेपणी बुधवारी आणि शुक्रवारी फक्त एकदाच अंगावर पिण्याची गोष्ट मायराच्या निकोलस यांच्याच चरित्रात येते. बुधवार-शुक्रवार हे पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांचे उपासाचे वार. मठात वाढलेल्या लेखकाने आपलं व्रत बाळाच्या पाळण्यापर्यंत मागे नेलं, एवढाच तिचा अर्थ.

तीन मुली आणि तीन पुरचुंड्या

सांताच्या भेटवस्तूंचं मूळ या कथेत आहे, म्हणून तिथे जरा थांबू. ती पहिल्यांदा मायकेलच्या नवव्या शतकातल्या चरित्रात दिसते. एक चांगला सुखवस्तू माणूस कफल्लक झाला. लग्नाच्या तीन मुली घरात. हुंड्याला पैसा नाही आणि हुंड्याशिवाय कोणी करून घेईना. शेवटी त्याने मुलींना देहविक्रयाला लावायचं मनात आणलं. निकोलस तेव्हा बिशप झालेले नव्हते, आईवडिलांची इस्टेट त्यांच्याकडे आली होती. त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. बापाने थोरलीचं लग्न लावलं. मग दुसरी पुरचुंडी, दुसरं लग्न. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला, पुरचुंडी पडल्याचा आवाज येताच मागे धावला आणि त्याने पाय धरले. निकोलस यांनी त्याच्याकडून वचन घेतलं की जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही.

मूळ कथेत धुराडं नाही, मोजा नाही, बूट नाही, आहे ती खिडकी. धुराडं आणि वाळत घातलेले मोजे ही थंड मुलखातली नंतरची भर.

खरी मानायची का? दोन्ही बाजूंनी वजन आहे. मायकेलआधीच्या लिखाणात ती नाही, म्हणजे मध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं कोरी. शिवाय निकोलस यांच्याआधीच्या अपोलोनियस या तत्त्वज्ञाविषयी अशीच कथा होती: लग्नाच्या चार मुलींच्या बापाला त्याने धनाचा ठेवा मिळवून दिला. दुसऱ्या बाजूला, कथेत चमत्कार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळच्या संतकथांमध्ये मुलीने लग्न नाकारून व्रतस्थ राहणं हा आदर्श असे. इथे संत मुलींची लग्नं लावून देतो. मठातल्या लेखकाने आपण होऊन रचायची तर त्याने मुलींना मठात धाडलं असतं. गावात चालत आलेली जुनी आठवण त्याने जशीच्या तशी घेतली असावी, असं मानायला म्हणून जागा आहे. जागा आहे, पुरावा नाही.

धान्याची जहाजं: गणित करून बघण्यासारखी गोष्ट

मायरात दुष्काळ पडला. अलेक्झांड्रियाहून राजधानीकडे गहू नेणारी सरकारी जहाजं अँड्रिआकेला नांगर टाकून होती. निकोलस यांनी प्रत्येक जहाजातून शंभर मापं गहू मागितला. तांडेल घाबरले, कारण माल अलेक्झांड्रियात मोजून चढवलेला होता आणि तूट आली तर जबाबदारी त्यांची. निकोलस म्हणाले, तूट येणार नाही. राजधानीत माल मोजला तर खरंच पुरेपूर भरला. मायराला तो गहू दोन वर्षं पुरला आणि पेरणीलाही उरला.

'शंभर मापं' म्हणजे किती? रोमन माप मोदियस, साधारण पावणेनऊ लिटर. त्यात गहू मावतो सुमारे साडेसहा किलो. शंभर मापांचे झाले साडेसहा क्विंटल, आपल्याकडची तेरा पोती. मोठ्या धान्यवाहू जहाजात हजारो मापं असत, म्हणजे मागणी अवाजवी नव्हती. पण एवढ्या गव्हावर शहर दोन वर्षं जगणार नाही. चमत्कार दुहेरी आहे: जहाजातलं कमी होत नाही आणि गावातलं संपत नाही.

पार्श्वभूमी मात्र पक्की खरी. अँड्रिआके हे अलेक्झांड्रियाच्या धान्यमार्गावरचं थांब्याचं बंदर होतंच. नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात कैदी पौलाला मायरातच दुसऱ्या जहाजावर चढवतात, ते जहाज अलेक्झांड्रियाचं, आणि पुढे वादळात त्यातला गहू समुद्रात फेकावा लागतो. हेड्रियन बादशहाने बांधलेलं दगडी कोठार अँड्रिआकेत आजही उभं आहे, त्यात आता लिसियाच्या संस्कृतीचं संग्रहालय आहे. भुकेल्या गावाच्या डोळ्यांसमोरून दरवर्षी दुसऱ्याचं धान्य जात असेल, तर अशी कथा त्या बंदरात जन्मणं साहजिक होतं. खलाशांचे संत म्हणून निकोलस यांची ख्याती पसरली तीही याच बंदरातून.

थोबाडीत आणि पिंपातली मुलं

३२५ च्या निकिया परिषदेत निकोलस यांनी एरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूच्या थोबाडीत मारली, ही हल्ली सर्वांत जास्त फिरणारी कथा. एरियसचं म्हणणं, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. परिषदेने ते नाकारलं. हजर बिशपांच्या याद्या वेगवेगळ्या भाषांत टिकल्या आहेत, त्यांत दोनशेच्या आसपास नावं आहेत. बहुतेक याद्यांत निकोलस नाहीत, लिसियातून नाव दिसतं ते पाताराच्या युदेमसचं. सहाव्या शतकातल्या थिओडोर या चर्च-इतिहासकाराच्या यादीत मात्र निकोलस आहेत. म्हणजे हजर असतीलही, नसतीलही. थोबाडीत मात्र हजार वर्षांनंतरची: चौदाव्या शतकात व्हेनिसजवळच्या पेत्रुस दे नतालिबुस यांच्याकडे ती पहिल्यांदा दिसते, आणि तिथेही मार खाणारा कोणी एक एरियसपंथी आहे. खुद्द एरियसचा गाल नंतर पुढे आला. ज्या माणसाने तलवार हिसकावून खाली टाकली त्याच्या नावावर ही कथा मिरवावी, याचं वाईट वाटतं.

खाटकाने तीन मुलांना मारून खारवण्याच्या पिंपात टाकलं आणि निकोलस यांनी त्यांना जिवंत केलं, ही फ्रान्सकडची, बाराव्या शतकातली कथा. ती बहुधा एका चित्राच्या चुकीच्या वाचनातून जन्मली. जुन्या चित्रांत संत मोठा आणि बाकीचे लहान काढत. बुरुजातल्या कोठडीत डांबलेले तीन सेनापती असे छोटे काढले, बुरुज अर्धाच दाखवला, आणि मूळ कथा माहीत नसलेल्याला ती पिंपातली तीन मुलं वाटली. निकोलस मुलांचे संत झाले ते या कथेने.

अस्थी: चोरी, पाणी आणि तपासणी

१०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, फौज हरली आणि आशिया मायनर सेल्जुक तुर्कांना मोकळा झाला. इटलीतल्या व्यापारी शहरांना हे निमित्त मिळालं. १०८७ च्या एप्रिलमध्ये दक्षिण इटलीतल्या बारीच्या खलाशांनी मायराच्या देवळात शिरून तिथल्या मोजक्या भिक्षूंना धाकात घेतलं. मात्तेओ नावाच्या खलाशाने लोखंडी पहारीने संगमरवरी पेटी फोडली. आत अस्थी होत्या आणि त्या पाण्यासारख्या द्रवात बुडालेल्या होत्या. त्याने त्यात हात घालून घाईघाईने त्या उपसल्या, बारीक तुकडे तिथेच राहिले. ९ मे १०८७ ला जहाजं बारीला पोचली. मोहिमेतल्या ६२ जणांची यादी टिकून आहे. १०८९ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी अस्थी तळघरातल्या वेदीखाली ठेवल्या. पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी व्हेनिसकर मायरात गेले आणि उरलेले तुकडे घेऊन आले. ते व्हेनिसजवळच्या लिडो बेटावरच्या देवळात आहेत.

मायरात त्या द्रवाला 'मिरोन' म्हणत, म्हणजे सुगंधी तेल. मायरा-मिरोन या नावांच्या साम्याने ती समजूत आणखी पक्की झाली. बारीत त्याला 'मान्ना' म्हणतात आणि दर ९ मे रोजी वेदीखालच्या छोट्या झरोक्यातून तो काढतात. निघतो तो थोडासाच, मग तो साध्या पाण्यात मिसळून बाटल्यांतून भाविकांना देतात. तपासणीत तो शुद्ध पाणीच ठरला आहे. समुद्रालगतचं दमट तळघर आणि दगडी बंद पेटी, त्यात पाणी साठणं शक्य आहे. भाविक त्याला संतांची कृपा मानतात.

तळघराच्या दुरुस्तीसाठी ५ मे १९५३ च्या रात्री पेटी उघडली, तेव्हा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक लुईजी मार्तिनो यांनी अस्थींची मापं घेतली. एकाच पुरुषाच्या, वय सत्तरीपुढे, उंची सुमारे १ मीटर ६७ सेंटिमीटर, मणक्याला संधिवात. लिडोचे तुकडे १९९२ मध्ये तपासले गेले, तेव्हा ते बारीच्या सांगाड्यात जे नाही त्याची भरपाई करणारे निघाले. हे दोन शहरांतलं जुनं भांडण मिटवणारं उत्तर होतं. कवटीच्या मापांवरून ब्रिटनमध्ये चेहरा घडवला गेला, त्यात नाक मोडून वाकडं जुळलेलं दिसतं. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या, निकोलस यांचा म्हणून जपलेल्या, कटिभागाच्या हाडाच्या एका तुकड्याचं कार्बन पद्धतीने वय काढलं. ते चौथ्या शतकातलं निघालं.

या निकालांचा अर्थ लावताना लोक दोन पावलं एकदम टाकतात. काळ जुळला, एवढंच सिद्ध झालं. मध्ययुगात बनवलेली नकली वस्तू ही नव्हे, हे कळलं. हाडावर नाव लिहिलेलं नसतं. चौथ्या शतकात वारलेला दुसरा म्हातारा माणूसही असू शकतो. मायराच्या भाविकांनी सहाव्या शतकापासून एकच थडगं सांभाळलं असेल तर शक्यता चांगली आहे, यापुढे जाता येत नाही.

सांता आणि चित्रातल्या खुणा

उत्तर युरोपात ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री मुलांच्या बुटांत खाऊ ठेवायची चाल होती. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच आठवणी उजळून काढताना ती नाताळला जोडली गेली. १८२३ च्या एका कवितेने रेनडियरची गाडी रूढ केली, १८६३ पासून टॉमस नास्ट यांच्या चित्रांनी पोट आणि दाढी. लाल कोट कोका-कोलाने १९३१ मध्ये शोधला, हे खरं नाही, तो आधीच रूढ होता. आणि १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने निकोलस यांना संतपदावरून काढलं हेही खरं नाही. त्यांचा सण ऐच्छिक केला, एवढंच.

निकोलस यांचं चित्र समोर आलं तर खुणा अशा वाचायच्या. पुस्तकावर किंवा पायाशी तीन सोनेरी गोळे: मुलींच्या तीन पुरचुंड्या, नववं शतक. पायाशी पिंपात तीन मुलं: बारावं शतक, पश्चिम युरोप. रशियन किंवा ग्रीक मूर्तिचित्रात खांद्यांच्या दोन बाजूंना छोटे येशू आणि मरिया, एकाच्या हाती शुभवर्तमान आणि दुसरीच्या हाती बिशपचा पट्टा: थोबाडीबद्दल काढून घेतलेली पदचिन्हं स्वर्गातून परत मिळाल्याची कथा त्याच्याशी जोडतात. जहाज किंवा नांगर: अँड्रिआके बंदर.

सर्वांत जुना थर चित्रात क्वचितच मुख्य विषय होतो. रशियन चित्रकार इल्या रेपिन यांनी १८८८ मध्ये तो घेतला. ते मोठं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. त्यात एक कैदी मान वाकवून गुडघ्यांवर बसला आहे, मारेकऱ्याने तलवार उगारली आहे, आणि म्हातारे बिशप मध्ये उभे राहून तिचं पातं हाताने धरून आहेत.